चौदा सेकंदांचा पंटर

मुंबईत 'पंटर' म्हणजे काय, हे कुणाला सांगावं लागत नाही. भाईचा माणूस. भाई सांगेल तिथे जायचं, सांगेल ते करायचं आणि मामला फसला तर आत जायचं. भाई बाहेरच राहतो. अमेरिकन फुटबॉलमधल्या पंटरचा या शब्दाशी काही संबंध नाही. तो 'पंट' मारतो म्हणून पंटर. हातातला बॉल सोडायचा आणि जमिनीला टेकायच्या आत लाथेने जमेल तितका दूर उडवायचा, एवढंच त्याचं काम. पण न्यू यॉर्क जायंट्सच्या मॅट डॉजची क्लिप बघताना मला दर वेळी आपलाच पंटर आठवतो.

क्लिप तुम्हाला सहज सापडेल. १९ डिसेंबर २०१०, न्यू जर्सीतल्या ईस्ट रदरफर्डचं नवंकोरं स्टेडियम, जायंट्स विरुद्ध फिलाडेल्फिया ईगल्स. स्कोअर ३१-३१. घड्याळात १४ सेकंद. बॉल जायंट्सकडे, पण त्यांचे प्रयत्न संपलेत, म्हणून पंटर मैदानात आलाय. बॉल त्याच्याकडे येतो, तो लाथ मारतो. बॉल उंच जात नाही, बाहेरही जात नाही. सरळ जाऊन पोचतो तो समोर उभ्या असलेल्या डीशॉन जॅक्सनकडे. आख्ख्या लीगमध्ये ज्याच्या हातात बॉल पडू नये अशा दोन-चार माणसांपैकी तो एक. जॅक्सनच्या हातून बॉल निसटतो. तो उचलतो, जरा मागे जातो, मग एक फट दिसते आणि तो पळत सुटतो. ६५ यार्ड. शेवटच्या रेषेपाशी पोचल्यावर लगेच आत न जाता तो रेषेला समांतर पळतो, का तर घड्याळ शून्यावर जावं. मग आत. ३८-३१. शेवटच्या क्षणी पंट परत आणून मॅच जिंकायचा प्रकार एनएफएलच्या इतिहासात त्याआधी कधी झाला नव्हता.

आणि मग क्लिपचा खरा शेवट. जायंट्सचे कोच टॉम कॉफलिन, साठी ओलांडलेले गृहस्थ, तरातरा मैदानात जातात आणि त्या पोराला सगळ्या जगासमोर झापतात. कॉलेजातून आलेला, लीगमधलं पहिलंच वर्ष असलेला पोरगा. मान खाली.

मी शिकायला जर्सीत पोचले तेव्हा या किकला आठ वर्षं होऊन गेली होती. तरी आमच्या इमारतीतल्या कुठल्याही जायंट्सवाल्यासमोर डॉजचं नाव काढलं की तो आदल्या दिवशी खिसा कापला गेल्यासारखा तोंड करायचा. प्रश्न एकच: असल्या पंटरला ठेवलंच का? आधीच का नाही काढला? नंतर काढला ते बरंच झालं, याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. माझ्या मनात होती. म्हणजे, काढला ते बरोबर की चूक याबद्दल नव्हे. त्याबद्दलचं माझं मत पुढे येईलच. शंका ही होती की, त्याला कशासाठी काढला असं हे लोक समजतात?

ज्यांना हा खेळ अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मैदान १०० यार्डांचं. तुमच्याकडे बॉल असताना दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. तीन फुकट गेले तर चौथ्याला टीम बहुतेक वेळा हार मानते आणि बॉल समोरच्यांना देऊन टाकते, पण होता होईल तेवढा त्यांच्याच दारात नेऊन. ही हार मानण्याची किक म्हणजे पंट. पंटर मैदानात आला याचाच अर्थ, आत्ताच काहीतरी फसलंय. दुसऱ्यांनी फसवलेलं काम कमीत कमी नुकसानीत आवरून द्यायला हा माणूस येतो. लग्नात शेवटची पंगत उठल्यावर येणाऱ्या भांडीवाल्यासारखा. भांडी स्वच्छ निघाली तर कुणी टाळ्या वाजवत नाही. एक परात हातातून पडली की मात्र आख्खा हॉल वळून बघतो.

आता तीच क्लिप पुन्हा बघू. गोष्ट वाचताना आपण विचारतो ना, लेखकाने सुरुवात इथेच का केली, तसं विचारू. क्लिप सुरू होते १४ सेकंद उरलेले असताना. म्हणजे ती सुरू व्हायच्या आत गोष्टीतला बहुतेक माल टाकून दिलेला आहे. त्या दिवशी हाफटाइमला जायंट्स २४-३ ने पुढे होते. चौथ्या क्वार्टरमध्ये साधारण आठ मिनिटं उरली असताना ३१-१०. अशा मॅचमधून लोक उठून पार्किंगकडे जायला लागतात. मग मायकल व्हिकने एक लांब पास टाकला, ब्रेंट सेलेक ६५ यार्ड पळाला, ३१-१७. त्यानंतर ईगल्सनी आखूड किक मारून बॉल स्वतःच पळवला. जायंट्सना तशी किक येईल असं वाटलंच नव्हतं. मग व्हिक स्वतः पळत आत गेला. मग जेरेमी मॅक्लिनचा टचडाउन, १ मिनिट १६ सेकंद बाकी, ३१-३१. साडेसात मिनिटांच्या आत २८ पॉइंट, आणि त्यातले २१ पंटर मैदानात यायच्या आधी गेले होते.

पुढची गोष्ट तर जायंट्सवाल्यांना पटवताना माझा घसा बसायचा. डॉजने ती किक अगदी सांगितल्यासारखी, बाहेर, प्रेक्षकांत मारली असती तर काय झालं असतं? जायंट्स जिंकले नसते. ३१-३१ बरोबरीत सुटून बहुधा जादा वेळ खेळावा लागला असता, आणि समोर होती ती टीम जिने आत्ताच तुमच्या नाकावर टिच्चून २१ पॉइंट काढलेत. डॉजने जिंकलेली मॅच घालवली नाही. त्याने एक शक्यता घालवली. पण जिंकलेली मॅच घालवणाऱ्या चाळीसेक माणसांचे चेहरे एका क्लिपमध्ये मावत नाहीत, एकाचा मावतो.

शिवाय क्लिप असतानाही न दिसणारं काहीतरी आहे. पंट मारायला बॉल कसा मिळतो? लाँग स्नॅपर नावाचा एक खेळाडू वाकून, दोन पायांच्या मधून, पंधराएक यार्ड मागे उभ्या असलेल्या पंटरकडे बॉल फेकतो. पंटरकडे मग जेमतेम सव्वा ते दीड सेकंद असतो. पकडायचा, हातात फिरवून नीट धरायचा, दोन पावलं टाकायची, सोडायचा, मारायचा. त्या दिवशीचा स्नॅप उंच आला. डॉजला हात वर ताणून तो घ्यावा लागला. क्लिप पाव स्पीडला लावून बघा, दिसेल. हात वर गेले की पावलांचा हिशेब चुकतो, पावलं चुकली की बॉल सोडायची जागा चुकते, आणि मग बाजूला कोपऱ्याकडे पाठवायचा बॉल सरळ नाकासमोर जातो. स्नॅपमुळे किक माफ होते असं मी म्हणत नाही. चांगले पंटर उंच स्नॅप घेऊनही बॉल बाहेर घालवतात, त्यासाठीच त्यांना पगार मिळतो. पण जी क्लिप लाखो लोकांनी बघितली तिच्यात पहिल्याच सेकंदाला हे घडतं आणि ते जवळजवळ कुणालाच दिसत नाही, कारण आपल्याला आधीच सांगितलेलं असतं की गुन्हेगार कोण ते.

याच दोन टीम, हीच जागा, ३२ वर्षं आधी. १९ नोव्हेंबर १९७८. तेव्हा शेजारीच जुनं जायंट्स स्टेडियम होतं. जायंट्स १७-१२ ने पुढे, अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ, बॉल त्यांच्याकडेच, ईगल्सकडे टाइमआउट शिल्लक नाही. क्वार्टरबॅक जो पिसारचिकने बॉल घेऊन नुसता गुडघा टेकला असता तरी मॅच संपली असती. वरून आदेश आला: बॉल लॅरी झोंकाला दे, तो पळेल. देताना बॉल निसटला, ईगल्सच्या हर्म एडवर्ड्सने उचलला आणि २६ यार्ड पळून टचडाउन केला. १९-१७. दुसऱ्याच दिवशी नोकरी गेली ती पिसारचिकची नव्हे. ती खेळी सांगणारे आक्रमणाचे कोच बॉब गिब्सन घरी गेले आणि त्यांनी पुन्हा कधीच फुटबॉलमध्ये कोचिंग केलं नाही. पिसारचिक पुढच्या मोसमातही जायंट्सकडे होता. आणि गंमत अशी की १९८० मध्ये त्याला ईगल्सनीच आपल्याकडे घेतलं.

१९७८ च्या प्रकाराला 'मेडोलँड्सचा चमत्कार' म्हणतात, २०१० च्या प्रकाराला 'नव्या मेडोलँड्सचा चमत्कार'. नावं जुळी, पण निकाल उलटे. पहिल्या वेळी बॉल ज्याच्या हातून निसटला त्याला ठेवला, आणि ज्याने चुकीचा आदेश दिला त्याला काढला. दुसऱ्या वेळी कॉफलिन राहिले, स्पेशल टीम्सचे कोच टॉम क्विनही राहिले, पंटर गेला. म्हणूनच मला सुरुवातीला आपला मुंबईचा शब्द आठवला.

पण तुलना इथेच सोडली तर मी पण एक छान क्लिप कापल्यासारखं होईल. गिब्सनचा आदेशच मूर्खपणाचा होता. कॉफलिनचा नव्हता. 'बाहेर मार' हा त्या क्षणी योग्य आदेश होता. १४ सेकंद, बरोबरी, समोर जॅक्सन, दुसरं काय सांगणार? माझा आक्षेप आदेशावर नाही, आदेश कुणाला दिला यावर आहे. आणि तिथे आपण मूळ वादाशी येतो: धडपडणाऱ्या पंटरला ठेवायचं की नाही.

डॉजच्या आधी जायंट्सचा पंटर होता जेफ फीगल्स. २२ सीझन, सलग ३५२ मॅचेस, एकही न चुकवता. चाळिशी उलटून गेल्यावरही तो खेळत होता. त्याची लाथ काही लीगमधली सगळ्यात जोरदार नव्हती. त्याची खासियत म्हणजे नेम. बॉल मैदानाच्या कोपऱ्यात, रेषेच्या अगदी अलीकडे बाहेर घालवायचा. या जागेला अमेरिकेत शवपेटीचा कोपरा म्हणतात, कारण तिथून सुरुवात करणाऱ्या टीमची तिरडीच बांधलेली असते. २०१० च्या उन्हाळ्याआधी फीगल्स निवृत्त झाला. त्याच वर्षी जायंट्सनी ड्राफ्टच्या सातव्या, म्हणजे शेवटच्या, फेरीत ईस्ट कॅरोलायना विद्यापीठाच्या डॉजला घेतलं. डॉजकडे फीगल्सकडे नसलेली गोष्ट होती, ताकद. फीगल्सकडे होतं ते मात्र नव्हतं. आणि जायंट्सची सगळी व्यवस्था वर्षानुवर्षं फीगल्सच्या नेमावर बेतलेली. रिटर्न अडवायला पळणारी पोरं कुठे पळायचं ते त्या नेमावरून ठरवणार. अशा जागी तोफ आणून ठेवली.

आता आकडे. अमेरिकन लोक आकड्यांशिवाय जेवत नाहीत. पंटरचा सगळ्यात प्रसिद्ध आकडा म्हणजे ग्रॉस सरासरी, किक किती लांब गेली ती. डॉजची त्या सीझनची ग्रॉस सरासरी ४४ यार्डांच्या वर होती. दिसायला छान. तुलनेसाठी सांगते, १९७३ मध्ये रेडर्सनी रे गाय नावाच्या पंटरला चक्क ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत घेतलं होतं, आणि हॉल ऑफ फेममध्ये गेलेला पहिला अस्सल पंटर तोच, तोही २०१४ मध्ये, इतकी वर्षं ताटकळून. त्याची कारकिर्दीची सरासरी ४२.४. म्हणजे नुसता ग्रॉस बघितला तर डॉज रे गायपेक्षा भारी. हे जो कुणी मान्य करेल त्याने खेळ बघणं सोडून द्यावं.

नोकरीला लागलेल्या सगळ्यांना ग्रॉस आणि नेटमधला फरक पहिल्या पगाराला कळतो. ऑफर लेटरवर एक आकडा, बँकेत येतो तो दुसरा. पंटचंही तसंच. समजा किक ५० यार्ड गेली आणि समोरच्याने २० यार्ड परत पळवली, तर हातात आले ३०. किक थेट समोरच्या गोल एरियात गेली तर समोरच्यांना बॉल २० यार्डांवर मिळतो, म्हणजे मैदानाच्या मध्यावरून मारलेल्या ५० यार्डांच्या जबरदस्त किकचेही उरले ३०. उलट कुणी ४२ यार्डांवर बॉल बाहेर घालवला तर कापाकापी नाही, पूर्ण ४२ हातात. डॉजचा ग्रॉस आणि नेट यांच्यात मोठं भगदाड होतं. त्याच्या किका लांब जायच्या पण सपाट जायच्या. लीगमधला चपळ माणूस ४० यार्ड पळायला साधारण साडेचार सेकंद घेतो. तेव्हा बॉल ४५ यार्ड न्यायचा तर तो निदान तेवढा वेळ हवेत हवा, नाहीतर अडवणारे पोचायच्या आत झेलणारा निघालेला असतो. रे गायचं नाव झालं ते या हवेतल्या वेळामुळे. १९७६ च्या प्रो बोलमध्ये त्याची किक न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये छताला टांगलेल्या स्क्रीनवर जाऊन आदळली होती.

तर माझं मत: डॉजला काढला ते बरोबर. पण त्या किकसाठी काढला असेल तर कारण चूक. त्याच्या उरलेल्या सीझनसाठी काढायला हवा होता. त्याच्याबद्दलची कुजबुज डिसेंबरच्या बरीच आधी सुरू झाली होती. ती रास्त होती, आणि कॉफलिननी ती ऐकूनही त्याला ठेवला. ठेवायचा निर्णय घेतलात तर मग १४ सेकंद उरलेले असताना त्याच्याकडून नेमकं तेच मागायचं जे त्याला वर्षभर जमलेलं नाही, आणि जमलं नाही म्हणून चव्हाट्यावर झापायचं, हे मला पटत नाही. गाडी घेताना ब्रेक ढिले आहेत हे तुम्हाला माहीत होतं. घाटात गाडीवर ओरडून काय उपयोग?

'ठेवा' म्हणणाऱ्यांचं म्हणणं माझी नागपूरची रूममेट फार छान मांडायची. तिला अमेरिकन फुटबॉलमध्ये काडीचा रस नव्हता, पण वादात होता. तिचं हुकमी पान म्हणजे चेतन शर्मा. १८ एप्रिल १९८६, शारजा, शेवटच्या बॉलवर पाकिस्तानला चार रन हव्यात, चेतन शर्माचा यॉर्कर फसून फुलटॉस झाला, मियाँदादने सिक्स मारला. आपल्या आईबाबांच्या पिढीला अजून ती जखम आहे. चेतन तेव्हा २० वर्षांचा. "मग त्याला काढला का? नाही नं! ठेवला म्हणूनच नं आमच्या नागपूरला हॅटट्रिक झाली?" खरंय. ३१ ऑक्टोबर १९८७, न्यूझीलंडविरुद्ध नागपुरात, रदरफर्ड, स्मिथ, चॅटफील्ड, तिघेही बोल्ड. वर्ल्ड कपमधली पहिली हॅटट्रिक.

मी तिला म्हणायचे, "अगं, पण चेतन शर्मा शारजाच्या आधी पण चांगलाच बॉलर होता." तिथेच फरक आहे. चांगल्या माणसाचा एक वाईट बॉल आणि डळमळीत माणसाचा एक वाईट बॉल बघताना सारखेच दिसतात. मागे काय आहे ते बघितल्याशिवाय ठरवता येत नाही. बफेलो बिल्सचा किकर स्कॉट नॉरवुडही याच बाजूचा. जानेवारी १९९१, सुपर बोल, समोर पुन्हा हेच जायंट्स. शेवटच्या क्षणी ४७ यार्डांची किक उजवीकडून बाहेर गेली, बिल्स १९-२० ने हरले. दुसऱ्या दिवशी बफेलोच्या चौकात जमलेल्या गर्दीने त्याच्या नावाचा पुकारा करून त्याला मंचावर पुढे बोलावलं. बिल्सनी त्याला पुढच्या सीझनलाही ठेवला. ४७ यार्ड हे त्या काळी गवतावर नॉरवुडच्या आवाक्याच्या कडेवरचं अंतर होतं, आणि बिल्सना ते ठाऊक होतं. त्याच्या मागे चांगल्या वर्षांचा साठा होता. डॉजच्या मागे असा साठा नव्हता, ते त्याचं पहिलंच वर्ष.

मग नवख्याला साठा करायला वेळ द्यायला नको? हा प्रश्न मला खरंच अवघड वाटतो आणि इथे माझं उत्तर जरा कोरडं आहे. नव्या क्वार्टरबॅकला वर्षभर बाकावर बसवता येतं. तो सिनियरच्या मागे उभा राहून शिकतो. पंटरला बाकच नाही. ५३ जणांच्या टीममध्ये पंटर एकच असतो. म्हणजे त्याला ठेवायचं याचा एकमेव अर्थ त्याला खेळवायचं, दर रविवारी, खऱ्या मॅचमध्ये, इतर ५२ जणांच्या मेहनतीवर सराव करू द्यायचा. अर्धवट 'ठेवणं' या जागेवर शक्य नाही. त्यात २०११ चा उन्हाळा मालक आणि खेळाडूंच्या भांडणात गेला. मार्चपासून जुलै संपत येईपर्यंत लीगला कुलूप. खेळाडूंना टीमच्या मैदानावर पाय ठेवता येईना, कोचशी बोलता येईना. ज्या पोराला सगळ्यात जास्त शिकवणीची गरज होती त्याच्या वाट्याला नेमका तो उन्हाळा आला. हे अन्यायाचं आहे. पण अन्याय झाला म्हणून पाय सुधारत नाही.

कुलूप उघडल्यावर जायंट्सनी स्टीव्ह वेदरफर्डला आणलं. तो शेजारच्या जेट्सचा पंटर. समोरच्यांना त्यांच्याच २० यार्डांच्या आत कोंडण्यात तेव्हाच्या सगळ्यात पटाईत लोकांपैकी एक, म्हणजे फीगल्सच्या जातकुळीचा. सीझन सुरू व्हायच्या आत डॉजला सोडलं. त्यानंतर तो एनएफएलची एकही नियमित मॅच खेळला नाही.

जाता जाता त्या १० विजयांबद्दल. २०१० मध्ये जायंट्स १०-६ वर संपले आणि प्लेऑफला मुकले. त्याच वर्षी सिअ‍ॅटल सीहॉक्स ७-९ असूनही आपला गट जिंकून आत गेले. ग्रीन बे पॅकर्सचेही १०-६ च होते. ते आत गेले आणि थेट सुपर बोल जिंकले. जायंट्सवाले हे आठवून अजून डॉजला शिव्या घालतात. त्यानंतरच्याच रविवारी याच पॅकर्सकडून जायंट्स ४५-१७ ने चोपले गेले होते, ते मात्र कुणाला आठवत नाही. त्या मॅचची क्लिप नाही. एवढ्या मोठ्या पराभवाची क्लिप होतच नाही.

पुढच्या सीझनला जायंट्स प्लेऑफमध्ये गेले. जानेवारी २०१२, सॅन फ्रान्सिस्को, चिखल आणि पाऊस. वेदरफर्डने त्या एका मॅचमध्ये बारा पंट मारले. त्यातल्या एकावर फॉर्टीनायनर्सच्या काइल विल्यम्सच्या गुडघ्याला बॉल चाटून गेला, दुसऱ्या वेळी जादा वेळेत त्याच्या हातून सुटला. दोन्ही वेळा बॉल जायंट्सना. २०-१७, जायंट्स सुपर बोलमध्ये. विल्यम्स नेहमीचा रिटर्नर नव्हता. नेहमीचा टेड गिन जखमी होता, म्हणून हा उभा होता. विल्यम्सला जिवे मारायच्या धमक्या आल्या. फॉर्टीनायनर्सनी त्याला काढला नाही. पुढच्या सीझनला तो त्यांच्याकडेच खेळला. डॉज आणि विल्यम्स शेजारी ठेवून बघितले की मला वाटतं, माणूस ठेवायचा की काढायचा हे थंड डोक्याने ठरवता येतं, आणि दोन्ही निर्णय एकाच वेळी बरोबर असू शकतात. चिडून मैदानात धावत जाणं हा मात्र कुठल्याच निर्णयाचा भाग नाही. ते फक्त कॅमेऱ्यासाठी होतं, कॉफलिनच्या मनात तसं नसलं तरी.

आणि हो, कॉफलिनना ठेवलं तेही बरोबरच निघालं. ५ फेब्रुवारी २०१२, इंडियानापोलिस, जायंट्स २१, पेट्रियट्स १७. या मॅचचे हायलाइट्स बहुतेक वेळा टॉम ब्रेडीपासून सुरू होतात. पेट्रियट्सचा पहिलाच डाव, ब्रेडी स्वतःच्या गोल एरियात उभा, कुणी नाही तिथे बॉल फेकतो, त्याबद्दल दंड, जायंट्सना फुकटचे दोन पॉइंट. ब्रेडी तिथे, स्वतःच्या ६ यार्डांवर, का उभा होता हे दिसायला क्लिप थोडी मागे न्यावी लागते. त्याच्या आधीची किक वेदरफर्डची. त्याला २००८ मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्सनी काढून टाकला होता.